दिवाणखान्यातील आखाडा

गेल्या भाद्रपदात अण्णा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरले आणि त्यांच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, जखम भरली, व्यायामोपचार करणाऱ्या बाईंच्या देखरेखीखाली वॉकर धरून घरातल्या घरात चालणेही सुरू झाले. तरीही दसरा उलटला तेव्हा आमच्या घरात कोणी निराळेच गृहस्थ राहत आहेत असे वाटू लागले होते. अण्णांचे वय ७८. वर्तमानपत्रातील अग्रलेखावरून रोज सकाळी कोणाशी तरी हुज्जत घालणारा हा माणूस आता 'तुम्ही म्हणाल तसं' एवढेच म्हणे. आम्हीही त्याला हातभारच लावत होतो. त्यांच्याशी बोलताना आमचे आवाज आपोआप मऊ होत, वाक्ये सोपी होत, आणि त्यांचे कोणतेही मत आम्ही तत्काळ मान्य करीत असू. एके दुपारी गोळी देताना मी विचारले, 'अण्णा, आणखी काही हवंय का?' त्यावर ते म्हणाले, 'हवंय ते तुमच्याकडं नाही. या घरात मला आता कुणी नाही म्हणत नाही बघ.'

हे वाक्य मनात रुतून बसले. पण त्यावर उपाय काय करावा ते मला सुचले नाही. सुचले ते माझ्या १७ वर्षांच्या मुलाला, आणि तेही योगायोगाने. दिवाळीच्या सुट्टीत तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर 'टेकन' नावाचा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळत बसला होता. अण्णा शेजारच्या खुर्चीत होते. अचानक ते म्हणाले, 'तो जग्वारचा मुखवटावाला गडी पैलवान आहे. उभा राहण्याची ढब बघ त्याची.' मुलाने खेळ थांबवला आणि दुसरा कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. 'बसा आजोबा, एक होऊन जाऊ द्या.'

एक नव्हे, अकरा लढती झाल्या. अकराही अण्णा हरले. बहुतेक वेळा तर आपला गडी पडद्यावर कोणता, हे त्यांना कळेपर्यंत तो आडवा झालेला असे. मुलगा मधूनमधून 'आजोबा, दाबा! अहो, दाबा ना!' असे ओरडत होता. काय दाबायचे, ते मात्र सांगत नव्हता. त्याने ते लबाडीने केले नाही. त्याच्या बोटांना ते इतके अंगवळणी पडले होते की सांगण्यासारखे काही आहे, हेच त्याच्या ध्यानात येत नव्हते. शेवटी अण्णांनी कंट्रोलर अलगद तिपाईवर ठेवला आणि म्हणाले, 'माझ्यानं नाही व्हायचं.' खुबा मोडल्यापासून हे वाक्य ते रोजच कशा ना कशाबद्दल उच्चारीत होते. त्यात आम्ही आणखी एका गोष्टीची भर घातली होती.

या पाक्षिकाच्या वाचकांना प्रश्न पडेल की पथ्यपाणी, गुडघेदुखी आणि निद्रानाश यांच्या पंक्तीत हा मारामारीचा खेळ कोठून आला. म्हणून आधी थोडी ओळख करून देते. १९९१ साली 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ आला आणि त्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत शाळा बुडवून जाणाऱ्या मुलांच्या रांगा लागल्या. आज पन्नाशीकडे झुकलेले अनेक सद्गृहस्थ त्या रांगांत उभे होते, हे त्यांच्या मातोश्रींना कदाचित अजूनही ठाऊक नसेल. 'टेकन' १९९४ चा. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ लोखंडी मूठ. दोन्ही खेळांचे स्वरूप सारखेच. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे, वरच्या कडेला दोघांच्या शक्तीच्या दोन पट्ट्या. मार बसला की पट्टी आखडते. जिची आधी संपेल तो ती फेरी हरला. 'टेकन'मध्ये एक फेरी साधारणपणे ६० सेकंदांची असते आणि तीन फेऱ्या आधी जिंकणारा विजयी ठरतो. गोष्ट नाही, कोडी नाहीत, शोधायच्या किल्ल्या नाहीत. एक माणूस आणि त्याच्यासमोर दुसरा माणूस, एवढाच मामला.

रक्तपाताविषयी ज्यांना शंका आहे त्यांची शंका रास्त आहे. १९९२ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये तो इतका होता की अमेरिकेत त्यावरून मोठा गदारोळ उठला आणि १९९४ साली तेथे खेळांना वयोगटानुसार श्रेणी देणारी व्यवस्था उभी राहिली. तो खेळ घरी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'टेकन' आणि 'स्ट्रीट फायटर' यांत मात्र मार खाल्लेला गडी पुढच्या फेरीला ताजातवाना उभा राहतो, अगदी आपल्या लोकनाट्यातल्या सोंगासारखा.

आता दुसऱ्या संध्याकाळकडे येते. आदल्या दिवशी मी मुलाला चार शब्द सुनावले होते. त्याचा परिणाम असा झाला की तो जाणूनबुजून हरू लागला. अण्णांनी दोन लढती जिंकल्या. तिसरीत नातवाचा गडी कोपऱ्यात उगाच उड्या मारत राहिला, तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. 'नुरा कुस्ती करतोस व्हय माझ्याशी?' ते म्हणाले. नुरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून केलेली, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणारी कुस्ती. अण्णांनी तरुणपणी कोल्हापुरात चार वर्षे तालमीत माती अंगाला लावली आहे, खासबागेतल्या मोठमोठ्या कुस्त्या पायरीवर बसून पाहिल्या आहेत. त्यांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नाही. मुलगा ओशाळला. पण मला त्या आवाजात सहा महिन्यांपूर्वीचे अण्णा ऐकू आले, आणि खरे सांगते, बरे वाटले.

मग त्यांनीच नातवाला शिकवणे म्हणजे काय ते सांगितले. तालमीत नवे पोर आले की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी जोडीला उभे करीत नाही. आधी माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, पडायचे कसे ते शिकायचे. मग एक डाव. तो एकच डाव महिनाभर, तोही समोरचा गडी अंग ढिले सोडून उभा असताना. 'तू मला पहिल्याच दिवशी खासबागेत उतरवलंस लेका,' अण्णा म्हणाले. मी स्वतः २२ वर्षे शाळेत शिकवते. माझ्या प्रशिक्षणाच्या काळात एवढ्या थोड्या शब्दांत ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळपासून आमच्या दिवाणखान्यात तालीम सुरू झाली. अशा सर्व खेळांत सरावाची एक सोय असते. त्यात समोरचा गडी नुसता उभा राहतो, घड्याळ चालत नाही, शक्तीची पट्टीही कायमची संपत नाही. पहिले दोन दिवस अण्णांनी तेथे फक्त पुढे-मागे चालणे आणि खाली बसणे केले. आपला गडी आपल्या अंगठ्याचे ऐकतो, ही खात्री पटल्यावाचून पुढचे सारे व्यर्थ असते. घाईत ही पायरी गाळली जाते आणि नवख्याला वाटते की आपली बुद्धीच थकली.

नंतर बटणे. 'टेकन'ची रचना येथे फार उपयोगी पडते, कारण त्यात बटणे चारच आणि प्रत्येक बटण एकेका अवयवाचे. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर चौकोन म्हणजे डावा हात, त्रिकोण म्हणजे उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. 'स्ट्रीट फायटर'च्या जुन्या पद्धतीत सहा बटणे लागतात आणि ठेवणीतला डाव मारायला अंगठा खालून पुढे पाव वर्तुळात फिरवावा लागतो. सांधे आखडलेल्या अंगठ्याला ते जड जाते. मात्र २०२३ साली आलेल्या 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये एका बटणावर असे डाव निघतील अशी सोपी मांडणी निवडता येते, आणि २०२४ च्या 'टेकन ८'मध्येही तसा सोपा मार्ग ठेवलेला आहे. तो घेण्यात कमीपणा काहीच नाही. आम्ही अण्णांना आठवडाभर एकच बटण दिले: चौकोन, डाव्या हाताचा ठोसा. त्यांनी विचारले, 'बाकीची?' मुलगा म्हणाला, 'ती आहेत असं समजूच नका.'

त्यापाठोपाठ बचाव. हा भाग मी थोडा विस्ताराने सांगते, कारण नवशिक्याचे सारे दुःख येथे असते. प्रतिस्पर्ध्यापासून दूर जाण्याची दिशा दाबून धरली की आपला गडी हात आडवे धरून वार झेलतो. उभ्याने बचाव केला तर वरचे आणि मधले वार अडतात, पण पायाशी आलेला वार लागतो. बसून बचाव केला तर खालचा वार अडतो, वरचा डोक्यावरून निघून जातो, पण मधला बसतो. म्हणजे संपूर्ण सुरक्षित अशी जागा नाहीच. त्यातच पकड आहे: उभ्याने बचाव करणाऱ्याला सरळ धरून आपटता येते. पकडीला जावे, तर ती हुकवून समोरचा ठोसा लगावू शकतो. ठोसा मारावा, तर तो अडतो. दगड, कागद, कात्री! हे चक्र समजले की खेळातला गोंधळ एकदम निवळतो. अण्णांना ते सांगावेच लागले नाही. सरावात नातवाने त्यांना पहिल्यांदा पकडून आपटले तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, 'असं होय! नुसतं आकसून बसलं की हा पट काढणार.' त्याच दिवशी त्यांनी आपला गडी नक्की केला. तोच मुखवटेवाला, किंग. तो खेळातला मल्ल आहे आणि त्याच्या पोतडीत पकडींचा भरणा आहे.

वय झालेल्या माणसाचा खरा आक्षेप मात्र वेगळा असतो. 'हे सारे चपळाईचे काम. आमचे हात आता तेवढे चालत नाहीत.' याचे उत्तर खेळाच्या घडणीतच आहे. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे सरकतात. 'टेकन'मधला नेहमीचा सर्वांत झटपट ठोसा दहाव्या चित्राला लागतो, म्हणजे सेकंदाच्या एक षष्ठांश वेळात. काही दिसल्यावर बोट हलवायला तरुण, निरोगी माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो. याचा अर्थ असा की तो ठोसा पाहून अडवणे कोणालाच शक्य नाही, माझ्या मुलालाही नाही. तो आधीच ओळखावा लागतो. समोरचा कोणत्या अंतरावर उतावीळ होतो, दोनदा मार बसला की काय करतो, जिंकत आला की कोठे गाफील राहतो, हे हेरावे लागते. वय वाढते तशी प्रतिक्रिया मंदावते, हे खरेच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण माणूस ओळखण्याची जी कला आहे ती या खेळात चपळाईइतकीच, कधी कधी अधिक, कामाला येते. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत 'स्ट्रीट फायटर ५'चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. क्रीडाक्षेत्रात हे निवृत्तीचे वय. आणि २०२५ साली जपानमध्ये केवळ ज्येष्ठांसाठी 'टेकन ८'ची स्पर्धा भरली, ती ९२ वर्षांच्या एका आजींनी जिंकली. अण्णांना हे सांगितल्यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'बाईंनी गडी कोणता घेतला होता?'

प्रत्यक्ष लढती पुन्हा सुरू करताना नुरा कुस्तीचा प्रश्न होताच. जाणकार आणि नवखा यांच्यात खरी लढत कशी लावावी? आम्ही मार्ग काढला तो उघड अटीचा. लढतीपूर्वी नातू मोठ्याने सांगे, 'आज मी फक्त लाथा वापरणार,' किंवा 'आज पकड नाही.' त्या मर्यादेत मात्र तो जीव तोडून खेळे. अण्णांना ठाऊक असे की समोरच्याचा एक हात बांधलेला आहे. पण उरलेला हात खरा आहे, हेही ठाऊक असे. अट अण्णांच्या संमतीनेच ठरे आणि त्यांच्याच सांगण्यावरून सैल होत जाई. गुपचूप दिलेली सूट म्हणजे दया; उघड दिलेली सूट हा खेळाचा नियम. हा फरक ज्येष्ठांना आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर कळतो.

शेजारी बसणाऱ्याने बोलावे किती, हेही ठरवावे लागले. लढत चालू असताना एक अक्षरही नाही. संपल्यावर एकच गोष्ट: 'शेवटी तुम्ही तीनदा उठल्या-उठल्या ठोसा मारलात, मला ते कळलं होतं.' एका वेळी दोन चुका सांगितल्या की दोन्ही विसरल्या जातात. माझ्या मुलाला हे जमायला अण्णांना ठोसे जमायला लागले त्यापेक्षा अधिक दिवस लागले. या संदर्भात मला दाइगो उमेहारा या जपानी खेळाडूची आठवण येते. १९८१ साली जन्मलेला हा माणूस 'स्ट्रीट फायटर'च्या जगात दंतकथाच मानला जातो. ऐन उमेदीत त्याने खेळ सोडला आणि काही काळ वृद्धांच्या शुश्रूषागृहात नोकरी केली. पुढे तो खेळाकडे परतला आणि पुन्हा जिंकू लागला. त्या नोकरीने त्याला खेळाविषयी काय शिकवले असेल, याची कल्पना आता मी थोडीफार करू शकते.

शरीराच्या बाबतीत काही पथ्ये आम्ही पाळली. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर खोल सोफ्यात बसणे बरे नसते, म्हणून उंच, ताठ पाठीची, हात टेकता येणारी खुर्ची. पावले जमिनीवर सपाट. मांडीवर उशी आणि तिच्यावर मनगटे, म्हणजे कंट्रोलरचा भार अंगठ्यांवर येत नाही. वाचनाच्या चष्म्यातून दूरचा पडदा धूसर दिसतो. दोन दिवस अण्णांचा गडी हरवत होता तो केवळ चुकीच्या चष्म्यापायी. बहुतेक नव्या दूरचित्रवाणी संचांत खेळांसाठी वेगळी रचना निवडता येते. ती निवडली की बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा उशीर कमी होतो. सांधेदुखी असलेल्यांना हातात धरायच्या कंट्रोलरपेक्षा टेबलावर ठेवायचा, मोठी बटणे आणि दांडा असलेला पार्लरसारखा फलक सोपा वाटतो, पण तो महाग असतो. आधी मागून आणून पाहावा. दृष्टी अधू असलेल्यांसाठी 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये दोघांतील अंतर वगैरे आवाजावरून कळण्याची सोयही दिलेली आहे.

आमची वेळ २० मिनिटांची. मग उठून चार पावले चालणे, दूर पाहणे, पाणी पिणे. रात्रीच्या जेवणानंतर खेळ नाही, कारण हरलेली लढत डोक्यात घोळत राहते आणि झोप उडते. हे मी अनुभवावरून सांगते. पडद्यावरील झगझगाट काहींना अपस्माराचा झटका आणू शकतो. पूर्वी झटके आले असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून यात पडू नये. अनियंत्रित रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनीही विचारून घ्यावे. स्मरणशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या हाती कंट्रोलर दिलाच तर शिकवण्याचा आग्रह सोडावा. तो मनाला येईल ते बटण दाबील, हसेल, एवढ्यावर समाधान मानावे, आणि तो बावरला तर पडदा तत्काळ बंद करावा.

याने स्मरणशक्ती वाढते का, असे आमच्या शेजारच्या काकूंनी विचारले. मला उत्तर सावधपणे द्यावे लागते. २०१३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. ६० ते ८५ वर्षांच्या व्यक्तींनी खास बनवलेला एक मोटार चालवण्याचा खेळ काही आठवडे खेळल्यावर एकाच वेळी दोन कामे करण्याची त्यांची क्षमता सुधारल्याचे दिसले. तो खेळ त्या प्रयोगासाठी घडवलेला होता. 'टेकन'विषयी तो अभ्यास काही सांगत नाही. तेव्हा औषध म्हणून हा कंट्रोलर कोणी घरी आणू नये. चालण्याची जागा तो घेत नाही. आमच्याकडे नियम असा की बाईंनी दिलेले पायांचे व्यायाम आधी, आखाडा नंतर. गंमत म्हणजे त्या लोभाने अण्णांचे व्यायाम आता चुकत नाहीत.

मार्गशीर्षात नातवाने सगळ्या अटी काढून घेतल्या, अण्णांच्याच हुकमावरून. तेव्हापासून ते बहुतेक वेळा हरतात. दिनदर्शिकेच्या पानावर रोजचा निकाल ते स्वतः लिहितात, हरल्याचाही. परवा रविवारी दोन-दोन फेऱ्या झाल्या होत्या. पाचव्या फेरीत दोघांच्या पट्ट्या बोटभर उरल्या. मुलगा बचाव धरून, आजोबांच्या ठोशाची वाट पाहत उभा राहिला, कारण आजोबा अशा वेळी ठोसाच मारतात हे त्याने हेरले होते. अण्णांनी एक पाऊल पुढे टाकले, क्षणभर काहीच केले नाही, आणि मग सरळ धरून आपटले.

'हे चालणार नाही आजोबा,' मुलगा उसळून म्हणाला. 'तुम्ही मुद्दाम थांबलात. पुन्हा खेळायचं.'

'नाही,' अण्णा म्हणाले आणि पेन घेऊन दिनदर्शिकेकडे वळले.

'नाही कसं? मी म्हणतो खेळायचं!'

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. वाद वीस मिनिटे चालला.